ऋणमुक्तीचा सत्यनारायण

जयंतराव लघाटे कोर्टातून देणेमुक्त होऊन बाहेर पडले आणि तडक झाशीच्या सीपरी बाजारात जाऊन त्यांनी पेढे घेतले. आता दिवाळं निघालेल्या माणसाने पेढे वाटावेत हे जरा अतीच झालं, असं कुणालाही वाटेल. पण जयंतरावांचा हिशोब वेगळा होता. दिवाळं निघालं त्याला बरेच दिवस झाले. तोंड लपवणं, गल्ली बदलून जाणं, लग्नकार्यात मागच्या रांगेत बसणं हे सगळं यथासांग पार पडलं होतं. आजचा कागद सुटकेचा होता. ज्या न्यायालयाने त्यांना नादार ठरवलं, त्याच न्यायालयाने आता देण्यांतून मोकळं केलं होतं. एवढं झाल्यावरही सुतकी चेहऱ्याने फिरायचं म्हणजे न्यायालयाचा अपमान, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दिवाळं कशाने निघालं ते थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो विषय निघाला की जयंतराव अजून उठून आत जातात. सरकारी कारखान्यात उभा जन्म ट्रान्सफॉर्मर तपासण्यात घालवल्यावर त्यांना निवृत्तीनंतर असं वाटलं की झाशीला बाकरवडी खाऊ घालावी. यंत्र आलं, गाळा आला, उधारी आली. झाशीकरांनी बाकरवडी खाल्ली, अच्छी है म्हणाले, ही खारी मठरी गोड का लागते असं विचारलं आणि पुन्हा आपापल्या कचोरीकडे वळले. शेजारच्या पटैरियाजींनीही या धंद्यासाठी हातउसने पैसे दिले होते. ते कोर्टाच्या यादीत बाकीच्यांबरोबर बुडाले. पटैरियाजी त्यावर चकार शब्द बोलले नाहीत, आणि ते विसरले असावेत असा सोयीस्कर समज जयंतरावांनी करून घेतला होता.

राहता राहिलं घर. कॉलनीतलं हे चार खोल्यांचं घर शशिकलाबाईंनी पसंत केलेलं. बाईंचं लहानपण भाड्याच्या घरात गेलं आणि लग्नानंतरचं सगळं आयुष्य कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. भिंतीत खिळा ठोकायचा तरी कुणाला तरी विचारावं लागे. म्हणून या घरात आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी हातोडी घेतली आणि काही टांगायचं नसतानाही तीन-चार खिळे ठोकले. घराचं कर्ज दोघांच्या नावावर होतं; बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या, अजूनही शिकवतात, त्यामुळे बँकेने त्यांचीही सही घेतली होती. दिवाळखोरीचा खटला चालू असताना वकिलांनी बजावल्यामुळे या घराचा हप्ता तेवढा जयंतरावांच्या पेन्शनीतून जात राहिला होता.

आता मात्र जयंतरावांनी तो बंद केला. कागदावर लिहिलं होतं की सर्व देण्यांतून मुक्त. सर्व म्हणजे सर्व. त्याखाली आणखीही काही बारीक अक्षरात होतं, पण इंजिनिअर माणूस, मुख्य आकडा पाहतो. वकिलाला विचारावं तर तो फी मागणार, आणि देणेमुक्त माणसाने पहिल्याच दिवशी नवं देणं कशाला करायचं? त्यांनी आपली पेन्शन दुसऱ्या बँकेत वळवून घेतली.

शशिकलाबाईंनी विचारलं की घराचंसुद्धा माफ झालं का. जयंतराव म्हणाले, कोर्टाचा शिक्का आहे. बाईंनी विचारलं, बँकेत जाऊन आलात का. जयंतराव म्हणाले, बँकेला विचारलं तर बँक नाहीच म्हणणार. बाईंना हे उत्तर पटलं नाही, पण नवरा कितीतरी दिवसांनी ताठ मानेने जेवायला बसला होता, म्हणून त्यांनी विषय वाढवला नाही. नोएडाहून सलोनीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा फोन आला. सलोनीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. "पापा, एक बार किसी से कन्फर्म तो कर लो," असं ती म्हणाली, आणि हल्लीच्या मुलांचा कशावर विश्वासच नाही यावर जयंतरावांनी तिला बराच वेळ ऐकवलं.

बँकेकडून मेसेज येऊ लागले. हे यंत्र आपोआप पाठवतं, थांबायला वेळ लागतो, अशी जयंतरावांनी स्वतःची समजूत घातली. सगळी हयात यंत्रांत गेल्यामुळे त्यांना यंत्रांविषयी एक प्रकारची सहानुभूती होती. मग एक रजिस्टर पत्र आलं, ते त्यांनी घेतलंच नाही. कोर्टाबाहेर पडलेल्या माणसाने पुन्हा सह्या करायच्या नाहीत, असं त्यांनी पोस्टमनलाच समजावून सांगितलं.

वाचलेल्या हप्त्यांतून त्यांनी घराला रंग दिला. बाहेरून श्रीखंडाचा पिवळा, खिडक्यांना चॉकलेटी. उरलेल्या पैशांत सत्यनारायण करायचं ठरलं.

आता इथे झाशीतल्या मराठी माणसांच्या एका खोडीबद्दल सांगणं भाग आहे. मुळात आपली घरं इथे मूठभर. काहींचे पूर्वज पेशवाईत कारभार बघायला आले आणि परत जायचं राहून गेलं, काही कारखान्याच्या नोकरीपायी आले आणि तेही राहिले. त्यामुळे महाराष्ट्रातून कुणी बदली होऊन झाशीत उतरलं, की त्याला आठवड्याच्या आत जेवायला घातल्याशिवाय या मंडळींना अन्न गोड लागत नाही. तो कुठल्या खात्यातला, कशासाठी आलाय, हे विचारायची पद्धत नाही. आडनाव मराठी आहे ना, मग पाट मांडा. मागे एकदा वीजचोरी पकडायला आलेल्या एका अधिकाऱ्याला असंच आमरसाला बोलावलं होतं, आणि यजमानांच्या मीटरवरची तार त्याने आमरस खाताखाताच पाहिली. त्यातून कुणी काही शिकलं नाही.

मराठी मंडळाचा सेक्रेटरी मकरंद हा शशिकलाबाईंचा मावसभाऊ. त्याने बातमी आणली की नाशिकची एक मुलगी इथल्या बँकेत बदलून आली आहे, कश्मिरा देवरे नाव, एकटी राहते, मेसमध्ये रोज पनीर खाऊन कंटाळली आहे. पनीर ऐकून शशिकलाबाईंचा जीव कळवळला. जयंतरावांनी स्वतः फोन केला. बँक कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. ती म्हणाली, "नक्की येते काका, पत्ता पाठवा." पत्ता मकरंदने पाठवला, आणि स्वतःच्या सवयीप्रमाणे नुसता कॉलनी आणि पिवळं घर एवढाच पाठवला.

पूजा झोकात झाली. मंडळाच्या गुरुजींनी कथा सांगितली, साधुवाण्याची नाव बुडाली, वर आली, आरती झाली. पटैरियाजी सहकुटुंब आले होते. त्यांनी शिऱ्याचा तिसरा द्रोण मागून घेतला तेव्हा जयंतरावांना वाटलं, त्यांना शिरा फार आवडला. कश्मिराही आली. चुणचुणीत, चष्मा लावणारी, आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन वाढायला लागणारी. मसालेभाताचा पहिला घास घेतला तेव्हा तिचे डोळे भरून आले, आणि शशिकलाबाईंनी तिला तिथल्या तिथे भाची मानून टाकलं.

मग तिने विचारलं की पूजा कशाची, वास्तूची का.

जयंतराव याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी घसा साफ केला आणि खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा बेताने सगळं सांगितलं: नादारी, न्यायालय, मुक्ती आणि शेवटी घराचा हप्ता बंद केला तो प्रसंग, हा त्यांनी विशेष खुलवून सांगितला. कश्मिराने हातातलं ताट खाली ठेवलं. काका, तुमचं आडनाव लघाटे का, असं तिने अगदी हळू विचारलं. मकरंदने तिला नुसतं जयंतदादा एवढंच नाव सांगितलं होतं. दारावरची पाटी रंगकामात उतरवलेली, अजून लावायची होती.

बँक तीच निघाली. आणि मुलगी कर्जवसुली खात्याची निघाली.

"काका, कोर्टाने तुम्हाला मोकळं केलंय," ती म्हणाली. "घराला नाही केलं. कर्ज घराच्या अंगावर आहे तसंच आहे. आणि काकूंच्या अंगावरही आहे, त्यांची सही आहे. हप्ते चालू असते तर कुणी विचारायलाही आलं नसतं. आता सोमवारी आमचा माणूस फाटकावर ताब्याची नोटीस लावायला येणार आहे. मी प्रसाद खाल्ला म्हणून ती थांबवता येत नाही मला."

जयंतरावांनी शशिकलाबाईंकडे पाहिलं. बाई खिडकीच्या चॉकलेटी चौकटीवर हात ठेवून उभ्या होत्या. आपण सुटलो या आनंदात आपण तिलाच एकटीला मागे ठेवलं, तिचं घर आपण आपल्या हाताने फाटकाबाहेर काढलं, हे त्यांना त्या क्षणी लखलखीत दिसलं, आणि दिसून उपयोग नव्हता. शशिकलाबाईंनी मात्र आधी कश्मिराचं ताट उचलून तिच्या हातात दिलं. "पोटभर जेव आधी," त्या म्हणाल्या. "नोटीस काय, सोमवारी आहे."

त्या संध्याकाळी बाईंनी म्हटलं, मी उद्या बँकेत जाते. जयंतरावांनी साफ नकार दिला. घोळ मी घातला, मी निस्तरणार. बायकोला बँकेत पाठवण्याइतका मी अजून खाली गेलेलो नाही. बाई म्हणाल्या, ठीक आहे, आठवडाभर करून बघा.

जयंतराव सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पेन्शनचे पैसे घेऊन बँकेत गेले. कश्मिराकडे जायचं नाही, वशिला नको, रीतसर रांगेत उभं राहायचं, असा बाणा होता. खिडकीवरच्या क्लार्कने खातं उघडलं, पडद्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पैसे परत सरकवले. सर, सिस्टम नहीं ले रहा, आप दिवालिया हैं. हे तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, पण मागच्या रांगेने मान पुढे काढलीच. जयंतरावांनी त्याला सुनावलं की दिवाळखोराकडून पैसे घेत नाही ही जगातली पहिली बँक असेल, इथे तर दिवाळखोर स्वतः द्यायला आलाय. क्लार्क म्हणाला, आपके नाम पर रोक लगी है, लखनऊ से हटेगी. लखनऊच्या मोठ्या कचेरीला फोन लावला. लखनऊवाल्यांनी सांगितलं, हे शाखेतूनच होतं. ज्या माणसाकडून पैसे मिळत नाहीत त्याच्यामागे बँका हात धुऊन लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण पैसे देणाऱ्याला बँक कशी हुलकावणी देते, याचा अनुभव फार थोड्या भाग्यवंतांना येतो. जयंतराव त्या आठवड्यात तीनदा गेले आणि तिन्ही वेळा स्वतःचे पैसे घेऊन परत आले.

मध्येच बँकेचा मूल्यांकन करणारा गृहस्थ आला. फीत लावून त्याने घर मोजलं, आणि बाहेरच्या रंगाची मनापासून तारीफ केली. या रंगामुळे लिलावात भाव चांगला येईल, असंही तो जाताना म्हणाला. जयंतरावांनी त्याला चहा पाजला होता.

सोमवारी फाटकाच्या खांबावर नोटीस लागली. खळ पक्की होती. नोटीस खरवडून बघावी तर ताजा पिवळा रंग सोलून येत होता. तेवढ्यात सल्लागार जमले. मकरंद म्हणाला, घर सरळ गणपतीच्या नावावर करून टाका, देवळावर कुठली बँक जप्ती आणते? जयंतरावांनी विचारलं की बँकेकडे गहाण असलेलं घर देवाला कसं देणार. मकरंद म्हणाला, देव समजून घेईल. पटैरियाजी म्हणाले, निदान झाका तरी, येणारे-जाणारे वाचतात. हे दोन्ही सल्ले वेगवेगळे होते. जयंतरावांनी ते एकत्र केले, आणि मंडळाच्या गणेशोत्सवातली भली मोठी गणपतीची तसबीर आणून नोटिशीवर टांगली. वर एक हार घातला, तसबीर उगीच टांगल्यासारखी दिसू नये म्हणून.

मंगळवारी त्यांना जरा धाकधूक होती, कारण आपल्याकडे गणपतीचा वार मंगळवार. पण मंगळवार सुखरूप गेला, आणि जयंतराव निश्चिंत झाले. इतकी वर्षं झाशीत काढूनही ते एक विसरले होते, की इथल्या लोकांचा गणपतीचा वार बुधवार.

बुधवारी सकाळी दूधवाल्याने फाटकाशी हात जोडले. त्याच्या मागच्या बाईने दूर्वा वाहिल्या. शाळेत जाणाऱ्या मुली पेपर चांगला जावा म्हणून थांबल्या. मऊरानीपुरहून आलेली एक म्हातारी बस चुकली म्हणून फाटकापाशी बसली होती. तिला पुढची बस रिकामी मिळाली, आणि हे तिने जाण्याआधी चारचौघांना सांगितलं. दुपारपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेली. पानवाल्याने नारळ ठेवायला सुरुवात केली. फाटकाच्या गजांना लाल धागे बांधले गेले. जयंतरावांना घराबाहेर पडायचं होतं, पण बाहेर पडायलाही रांग होती.

फाटकाजवळ खुर्ची टाकून पटैरियाजी बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ताट होतं. ताटात नाणी पडत होती. हे काय चाललंय, असं जयंतरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"काए लघाटे जी," पटैरियाजी शांतपणे म्हणाले, "कोर्ट नें माफ कर दओ हुइये. हमने तो नईं करो."

जयंतरावांना त्या क्षणी फाटकाच्या कडीत बोट अडकल्यासारखं झालं. पटैरियाजी विसरले नव्हते. सत्यनारायणाला येऊन, ऋणमुक्तीचं प्रवचन मुकाट्याने ऐकून, तीन द्रोण शिरा खाऊन गेले होते ते. जयंतरावांना शरम वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी, आणि त्यांनी तिथेच, रांगेच्या देखत, पटैरियाजींची माफी मागितली. पटैरियाजी म्हणाले, घाई नाही, सवडीने द्या. ही चिल्लर तर गणेश मंदिरात द्यायची आहे. आणि पुढच्या भक्ताला त्यांनी सरकायला सांगितलं.

याच वेळी नोटिशीचा फोटो काढायला बँकेचा माणूस आला. तसबीर हलवा म्हणाला. रांगेने त्याला विचारलं की तू गणपतीला हलवणारा कोण. जयंतराव मध्ये पडले, म्हणाले, भैया, हे घर माझं आहे, तसबीर मीच लावली, मीच काढतो. त्यावर लोकांनी त्यांनाही खाली बसवलं. शेवटी बँकेच्या माणसाने गणपतीचाच फोटो काढला, नमस्कार केला आणि तो निघून गेला. संध्याकाळी कश्मिराचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं, पण बोलली ते गंभीरच. फाइलमध्ये हा फोटो लावता येणार नाही काका, आणि पुढच्या वेळी पोलीस घेऊन यावं लागेल.

आठवडा संपला होता. शशिकलाबाईंनी शाळेची साडी नेसली, पर्स घेतली आणि निघाल्या. जयंतराव मागोमाग गेले. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं आणि येऊ नका असंही म्हटलं नव्हतं.

बँकेत काम फार वेळाचं नव्हतंच. रोक लागली होती ती जयंतरावांच्या नावावर. बाई सहकर्जदार, त्यांची नोकरी चालू, नाव स्वच्छ. थकलेले हप्ते त्यांनी शाळेच्या पतपेढीतल्या स्वतःच्या ठेवीतून भरले. ती ठेव कशासाठी होती ते जयंतरावांना माहीत होतं. निवृत्तीनंतर दोघांनी कोकण बघायचं, असं ठरलं होतं. पुढचे हप्ते आता बाईंच्या पगारातून कापले जाणार होते. नोटीस मागे घ्यायचं पत्र कश्मिराने समोरच छापायला टाकलं.

एक गोष्ट उरली होती. त्याच घरात राहणारा एक जुना कर्जदार नादार आहे, म्हणून त्याच्याविषयी बाईंना काही सांगायचं आहे का, हे कश्मिराला विचारावं लागत होतं. विचारताना तिने जयंतरावांकडे बघायचं टाळलं.

"माणूस सरळ आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "व्यवहार तेवढा त्यांच्या हातात देऊ नका. पण घरात ते राहणार. हे लिहून घ्या नीट."

जयंतराव भिंतीवरची फिक्स डिपॉझिटची जाहिरात वाचत उभे राहिले. ती त्यांनी बराच वेळ वाचली.

परतताना सीपरीच्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा जयंतरावांनी विचारलं की आता आपण त्या घरात नेमके कोण. बाईंनी थोडा विचार केला. गणिताच्या बाई, उत्तर घाईने द्यायची सवय नाही. बँकेच्या लेखी तुम्ही कुणीच नाही, त्या म्हणाल्या, माझ्या लेखी भाडेकरू धरायला हरकत नाही. पेन्शन पहिल्या तारखेला माझ्या हातात. त्यातून आधी पटैरियाजींचं, मग घरातलं. जयंतरावांना हे लागलं. पण ज्याचे पैसे कुठलीच खिडकी घेत नव्हती, त्याचे पैसे घ्यायला कुणीतरी तयार झालं होतं, हेही खरं होतं.

पहिल्या तारखेला ते पेन्शन काढून आले. हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट अंगावरच ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाकीट शशिकलाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. बाईंनी हात पुसले, पाकीट उचललं आणि डब्यात टाकून झाकण लावलं. जयंतराव तिथेच उभे. भाडेकरू झालो तर झालो, पण व्यवहार रीतसर हवा. न्यायालयापर्यंत जाऊन आलेला माणूस होता तो. त्यांनी पावती मागितली.

शशिकलाबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"राहताय ना इथे?" त्या म्हणाल्या. "तीच पावती."